फुफीच्या बांगड्या आणि आमची वही

काही वर्षांपूर्वी आम्ही एक कथा लिहिली आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी, सगळे घर जमलेले असताना, हौसेने वाचून दाखवली. कथेतली विधवा मुलाच्या फीसाठी सोन्याच्या बांगड्या गहाण ठेवते. सर्वांनी वाहवा केली. फुफी मात्र शीरखुर्म्याची वाटी तशीच ठेवून आत गेल्या. बांगड्या त्यांच्याच होत्या. लहानपणी सराफाच्या दुकानात त्यांच्याबरोबर फक्त आम्ही होतो, आणि ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती.

आम्ही माफी मागितली. त्या एवढेच म्हणाल्या, "बेटा, गोष्ट लिही. पण माझा पडदा तरी राहू द्यायचा होता."

त्यानंतर दोन वर्षे आम्ही कथा लिहिली नाही.

वाट सापडली ती वर्गात. उर्दूच्या तासाला प्रेमचंदांची 'ईदगाह' शिकवत होतो. हामिदजवळ तीन पैसे आहेत. बाकीची मुले मातीचा शिपाई, भिश्ती, वकील विकत घेतात. तो दादी अमीनासाठी चिमटा घेतो, कारण तव्यावरून रोट्या उतरवताना तिचे हात भाजतात. चिमट्याची किंमत सहा पैसे. घासाघीस करून तो तीन पैशांत मिळवतो. घरी आल्यावर दादी आधी रागावते, मग तिला रडू येते. मुले गप्प होऊन ऐकत होती. आमच्या लक्षात आले की माया दाखवायला लेखकाने कोणाच्या घरातले गुपित उघडले नाही. एक वस्तू निवडली, तिची किंमत सांगितली आणि ती एका लहान मुलाच्या हाती दिली.

मग आम्ही आमच्या कथेकडे पुन्हा पाहिले. फुफीकडून घ्यायची होती ती फक्त भावना: आपली आवडती वस्तू दुसऱ्याच्या टेबलावर ठेवताना होणारी घालमेल. बाकी सगळे बदलता येत होते. बांगड्यांच्या जागी शिलाई मशीन आले, विधवेच्या जागी थोरला भाऊ आला, गावही बदलले. गंमत म्हणजे आता लिहिताना डोके चालवावे लागले. मशीन घेणारा माणूस कसा असेल? तो भाव पाडेल की नजर चुकवेल? खरी कथा इथे सुरू झाली.

घरातल्या बोलण्याचेही तसेच. आपल्या कथांतली दादी अनेकदा पाठ्यपुस्तकासारखी बोलते. खऱ्या घरात कोणी "मेरेकू नक्को" म्हणते, कोणी कोकणातल्या बोलीत रागावते, आणि बाजारात गेल्यावर तीच माणसे मराठीत भाव करतात. ही सरमिसळ कागदावर येऊ द्यावी. वाचक कुठे अडेल असे वाटले तर आजूबाजूच्या वाक्यातून अर्थ कळेल असे पाहावे.

"वेळ कुठे मिळतो?" असे अनेक जण विचारतात. प्रेमचंदांनी 1899 मध्ये चुनारच्या शाळेत महिना 18 रुपयांवर शिक्षकी सुरू केली आणि 1921 मध्ये सरकारी नोकरी सोडेपर्यंत ती सांभाळूनच लिहिले. राजिंदर सिंह बेदी लाहोरच्या टपाल खात्यात कारकून होते. इस्मत चुगताई मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. मोकळा दिवस यांच्याही वाट्याला रोज आला नसणार.

आमचा नेम साधा आहे. फजरनंतर, डबे भरायच्या आधी, 20 मिनिटे वही घेऊन बसतो. कथा लिहायचा हट्ट नाही. कालचे तीन तुकडे उतरवतो: एक पाहिलेले दृश्य, एक कानावर पडलेले वाक्य, एक वास. रविवारी त्यातला एक तुकडा निवडतो आणि दोन प्रश्न विचारतो. या माणसाला काय हवे आहे? आणि आडवे काय येते आहे? उत्तर मिळाले तर कथा पुढे सरकते, नाही मिळाले तर तुकडा वहीत राहतो. खर्डा पूर्ण झाला की पंधरा दिवस कपाटात ठेवतो. मग मोठ्याने वाचतो. जीभ जिथे अडखळते, तिथले वाक्य दुरुस्त करतो. चार दिवस नेम चुकला तर पाचव्या दिवशी मागची भरपाई करायला जात नाही. त्या दिवसाचे तीन तुकडे लिहून मोकळे होतो. भरपाईच्या ओझ्यानेच पूर्वी आमच्या अनेक वह्या बंद पडल्या.

शिलाई मशीनची कथा आम्ही सर्वात आधी फुफींना, एकट्यांना, वाचून दाखवली. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मशीन विकून तो घरी कसा आला, ते नाही लिहिलंस. रिकाम्या हातांनी चालताना पाय जड होतात, बेटा."

आम्ही त्याच रात्री तो परिच्छेद लिहिला. कथेतला सर्वात चांगला परिच्छेद तोच आहे, आणि तो फुफींनी स्वतः दिला आहे.