वेष्टनावरची बारीक अक्षरं (लेखांक ६) : जिरॅनिऑल
फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पवन मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये कुणाला उसंत नसते. कळी काढायची, दांड्याच्या लांबीप्रमाणे प्रतवारी करायची, वीस-वीसची गड्डी बांधून कागदात गुंडाळायची आणि लगेच शीतगृहात. व्हॅलेंटाइनचा लाल गुलाब इथून परदेशातही जातो. यातली ‘टॉप सीक्रेट’ या जातीची एक गड्डी नाकाशी धरून पाहा. पाल्याचा ओला वास येईल. गुलाबाचा जवळपास नाहीच.

मावळच्या शेतकऱ्याला याचा दोष देऊ नये. बाजार पैसे मोजतो ते दांड्याच्या लांबीचे आणि फूल किती दिवस टिकतं त्याचे. जाती तयार करणाऱ्यांनीही तेच पाहिलं आणि वास मागे पडला. २०१५ साली फ्रेंच संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये त्याचं कारण मांडलं: जिरॅनिऑल हे गुलाबाच्या वासातलं एक मुख्य द्रव्य तयार व्हायला पाकळीत एक विशिष्ट एन्झाइम लागतं, आणि बिनवासाच्या जातींत त्याचं जनुक जवळजवळ निष्क्रिय असतं.

मग साबण-क्रीमच्या वेष्टनावर जिरॅनिऑल छापलेलं असतं, ते येतं कुठून? खऱ्या गुलाबतेलातून क्वचितच. एक किलो तेलाला तीन-चार टन पाकळ्या लागतात. बरंचसं आज कारखान्यात, टर्पेंटाइनसारख्या कच्च्या मालापासून बनतं. पण वनस्पतीतून मिळणाऱ्या जिरॅनिऑलची गोष्ट निघाली की मला आपलं रोशा गवत आठवतं. त्याच्या तेलाला व्यापारात पामारोसा म्हणतात, आणि त्यात साधारण तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त जिरॅनिऑलच असतं. फुलोऱ्यावर आलेलं गवत कापून त्यातून वाफ सोडायची, ती थंड करायची, की पाण्यावर तेल तरंगतं. मोतिया आणि सोफिया असे त्याचे दोन प्रकार. गुलाबासारखा वास मोतियाचा; तो निचऱ्याच्या उतारावर वाढतो. सोफियाचं तेल उग्र आणि हलक्या दराचं.

एकोणिसाव्या शतकात खानदेशात, नंदुरबार-पिंपळनेर भागात, हे तेल काढलं जाई. मुंबई बंदरातून ते तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात पोचे आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात बेमालूम मिसळलं जाई. युरोपला बराच काळ ते ‘तुर्की’ तेल वाटत होतं! १८७१ साली जर्मन रसायनज्ञ ऑस्कर याकोबसेन यांनी जिरॅनिऑल प्रथम शुद्ध रूपात वेगळं केलं, तेही भारतातून आलेल्या अशाच गवताच्या तेलातून. जगातल्या सुगंधउद्योगाच्या इतिहासात खानदेशच्या माळाचं नाव यापेक्षा ठळक असायला हवं होतं.

आता वेष्टनाबद्दल. काहींच्या त्वचेला जिरॅनिऑलची ॲलर्जी होते. म्हणून युरोपीय संघाने २००३ च्या नियमानुसार ज्या २६ सुगंधी द्रव्यांची नावं छापणं बंधनकारक केलं, त्यांत ते आहे: अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये ०.००१ टक्क्याहून, धुऊन टाकायच्या साबणात ०.०१ टक्क्याहून जास्त असेल तर. हवा लागून जिरॅनिऑलचं ऑक्सिडीकरण झालं की त्रासाची शक्यता वाढते. म्हणून झाकण घट्ट लावा, आणि वास बदललेली जुनी बाटली चेहऱ्याला लावू नका. पुरळ किंवा खाज आली तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना ते वेष्टन सोबत न्या. पॅच टेस्ट कशाची करायची, हे त्यांना त्यावरून ठरवता येतं.