मानमोडी आणि आमचें हजेरीचें बक्षीस

गेल्या पावसाळ्यांत आठवीच्या वर्गांतील एक मुलगा अंगांत ताप असतां तीन दिवस शाळेंत येत राहिला. घरीं जा म्हटलें तरी जाईना. कारण विचारतां कळलें कीं, घरीं गेल्यास संपूर्ण हजेरीचें बक्षीस हातचें जाणार होतें! आठवड्याभरांत वर्गांतील निम्मे बाक रिकामे झाले, आणि इकडे त्याच्या घरीं आजीनें अंथरूण धरलें. ती बरी झाली खरी, परंतु त्यापूर्वीं बरेच दिवस तिला रुग्णालयांत काढावे लागले. बक्षीस ठेवणारे आम्ही शिक्षकच. तेव्हां दोष मुलाचा, असें आम्हांस म्हणवत नाहीं.

हा आजार म्हणजे इन्फ्ल्युएंझा, ज्यास आतां सर्वजण फ्लू म्हणतात. आमच्या पणजोबांच्या पिढीनें त्यास 'मानमोडी' हें नांव दिलें होतें. 1918 च्या जूनमध्यें तो मुंबईंत उतरला. सप्टेंबरांत दुसऱ्यानें उसळला, आणि 6 ऑक्टोबर ह्या एकाच दिवशीं त्या शहरांत 768 माणसें दगावलीं. साऱ्या मुंबई इलाख्यांत मृतांची संख्या दहा लाखांवर गेली. त्या वर्षीं पाऊस फसला होता, धान्य महागलें होतें. वीस ते चाळीस वयाचीं कर्तीं माणसें विशेष बळी पडलीं, आणि त्यांतही पुरुषांपेक्षां स्त्रिया अधिक. आजाऱ्याच्या उशाशीं कोण बसत असे, हें ध्यानांत घेतां ह्याचें फारसें आश्चर्य वाटत नाहीं. रोगाचें मूळ तेव्हां कोणास ठाऊक नव्हतें. माणसांतील ह्या रोगाचा विषाणु 1933 सालीं प्रथम हातीं लागला.

लस दरवर्षीं कां टोचावी, असा प्रश्न पालक आम्हांस विचारतात. देवीची लस वर्षानुवर्षें पुरत असे, मग हिलाच काय झालें? ह्याचें उत्तर असें कीं, हा विषाणु बहुरूपी आहे. गतवर्षीं शरीरानें त्यास ओळखलें, तरी यंदा तो सोंग पालटून येतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षांतून दोनदां, फेब्रुवारींत व सप्टेंबरांत, त्याचीं नवीं रूपें पाहून लशींत काय असावें हें सुचविते. आपल्याकडे हा रोग हिंवाळ्याच्या अखेरीस डोकें वर काढतो आणि पावसाळ्यांत पुन्हां बळावतो. टोचल्यावर शरीरास सज्ज होण्यास सुमारें दोन आठवडे लागतात. म्हणून मृगापूर्वींच टोचून घेणें बरें. टोचण्याच्या नेहमींच्या लशींत जिवंत विषाणु नसतो, म्हणून तिच्यामुळें फ्लू होत नाहीं. दंड दुखतो, क्वचित् अंग कसकसतें. टोचूनही ताप येणारे आढळतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. मात्र असा ताप बहुधा सौम्य असतो व रुग्णालयाची पायरी चढण्याचे प्रसंग कमी येतात.

आपल्या सोलापुरांत कित्येक घरांत एकाच खोलींत माग चालतो, तेथेंच विड्या वळल्या जातात आणि रात्रीं तेथेंच अंथरुणें पडतात. अशा घरांत आजाऱ्यास 'वेगळी खोली द्या' म्हणणें म्हणजे थट्टाच होय. तरी खिडकी उघडी ठेवतां येते; आजाऱ्याचें अंथरूण तिच्याजवळ घालतां येतें; आजीनें त्याच्याजवळ निजूं नये एवढें पाहतां येतें. खोकतांना तोंडावर फडकें धरावें, हात साबणानें धुवावे. टॉवेल निराळा द्यावा. सोलापुरांत टॉवेलांस तोटा नाहीं! परंतु रोगी अंथरुणास लागण्यापूर्वीं एक दिवस आणि पुढें सुमारें आठवडाभर रोग पसरवीत असतो. म्हणून नुसत्या सावधगिरीवर विसंबतां येत नाहीं, लस हवीच. सहा महिन्यांखालील अर्भकास ती देतां येत नाहीं; त्यासाठीं मातेनें गरोदरपणींच टोचून घ्यावी, म्हणजे तिचें बळ बाळास मिळतें. वृद्ध, मधुमेही, दमेकरी व हृदयविकाराचे रोगी ह्यांनीं तर चुकवूंच नये. 2015 सालीं महाराष्ट्र सरकारनें गर्भवती स्त्रिया आणि मधुमेह व रक्तदाब असलेल्यांस ती विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. सरकारी रुग्णालयांत चौकशी करावी.

धाप लागणें, ओठ निळसर होणें, छातींत दुखणें, मूल गुंगींत राहणें किंवा उतरलेला ताप पुन्हां चढणें, ह्यांपैकीं कांहीं दिसल्यास घटकाभरही थांबूं नये. ह्या रोगावरील खास औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झाल्यास अधिक गुण देतें. तें डॉक्टरांनीं ठरवावें. दुकानांतून मागून आणलेल्या अँटिबायोटिक गोळ्या विषाणूवर चालत नाहींत, आणि मुलांस अ‍ॅस्पिरिन तर देऊंच नये. 2009 सालीं स्वाईन फ्लूचा देशांतील पहिला बळी आपल्या शेजारच्या पुण्यांतच पडला; ती एक शाळकरी मुलगी होती. त्यानंतर तेथील शाळा कांहीं दिवस बंद ठेवाव्या लागल्या.

आतां आमच्या बक्षिसाविषयीं. तापाचे दिवस पालकांची चिठ्ठी आल्यास गैरहजेरींत धरूं नयेत, अशी सूचना आम्ही येत्या जूनमध्यें शिक्षकमंडळापुढें मांडणार आहों. चिठ्ठ्या खोट्या येतील, असा आक्षेप आमच्या एका सहकाऱ्यांनीं आतांच घेतला आहे. येतीलही कांहीं.