अस्वलं, अळी आणि धडधडती करवत

चेनसॉ म्हटलं की आपल्याला आठवतो पावसाळ्याच्या तोंडावर फांद्या छाटायला आलेला पालिकेचा ट्रक, नाहीतर १९७४चा तो टेक्सासचा भयपट. एरवी या यंत्राशी आपला संबंध कानावर हात ठेवण्यापुरताच. पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान इथले काही कलंदर याच करवतीने घुबडाचं एकेक पीस कोरतात, त्याच्या जत्रा भरवतात, लिलाव मांडतात आणि त्यावर पोटही भरतात. त्यांच्या या दुनियेतल्या काही खमंग गोष्टी.

जन्म दवाखान्यातला

साखळीच्या करवतीची पहिली गिऱ्हाइकं म्हणजे झाडं, असं वाटत असेल तर सावरून बसा. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटिश डॉक्टरांनी दातेरी कड्यांची एक बारीक साखळी वापरात आणली. दोन टोकांना दोन मुठी. मूल अडलं की बाळंतिणीच्या ओटीपोटापुढचा हाडांचा सांधा मोकळा करायला, किंवा सडलेलं हाड काढायला ती कामी येई. १८३०मध्ये बर्नहार्ड हाइन या जर्मन अस्थितज्ज्ञाने पात्याभोवती फिरणारी दातेरी साखळी बनवली आणि ती फिरवायला हँडल बसवलं. आजच्या चेनसॉशेजारी तिचं चित्र ठेवलं तर घराण्याचा चेहरा लगेच ओळखू येतो. शस्त्रक्रियेत भूल द्यायला सुरुवात व्हायची होती अजून पंधराएक वर्षांनी, तेव्हा जास्त तपशिलात न शिरलेलं बरं.

जंगलाच्या कामाला ही करवत आली ती चांगली आडदांड होऊन. आंद्रेआस श्टील यांनी १९२६मध्ये आणलेली विजेची करवत ४८ किलोंची होती आणि ती उचलायला दोन गडी लागत. शिवाय रानात वीज आणायची कुठून? पुढच्याच वर्षी एमिल लेर्प यांनी जर्मनीतल्या डोल्मार नावाच्या डोंगरावर पेट्रोलची करवत चालवून दाखवली आणि तिला त्या डोंगराचंच नाव मिळालं. एकट्या माणसाने चालवायची श्टीलची पेट्रोल करवत यायला १९५० उजाडलं, आणि तीही १६ किलोंची. आज शिल्पकार बारीक कामाला जी हातात घेतात ती चार-पाच किलोंची असते. कोरीवकाम इतकी वर्षं खोळंबलं ते या वजनापायी.

गुरू अळी

या सगळ्या कथेतलं माझं लाडकं पात्र मात्र माणूस नाही. १९४६ची गोष्ट. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या सरपण फोडत होता. तेव्हाच्या साखळ्यांचे दात हातकरवतीसारखे सरळ असत. ते लाकूड खरवडत, लवकर बोथट होत आणि कामापेक्षा कानस घासण्यातच जास्त वेळ जाई. कॉक्सला एका बुंध्यात बोटाएवढी जाड अळी दिसली. ती लाकूड उभंही खात होती आणि आडवंही, लोण्यातून गेल्यासारखी. त्याने निरखून पाहिलं, तर अळीचे जबडे इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे वळलेले, आणि ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं आळीपाळीने कापत होती.

कॉक्सने घराच्या तळघरात बसून तसेच वळलेले दात बनवले, एक डावा, एक उजवा. १९४७मध्ये पोर्टलंडमध्ये त्याची कंपनी सुरू झाली आणि आजही जगभरातल्या साखळ्या त्याच घडणीच्या असतात. आपल्या गोष्टीतल्या लाकूडतोड्याला देवीने सोन्याची कुऱ्हाड दाखवली तेव्हा तो नको म्हणाला. याने अळीचे दात पाहिले आणि पेटंट घेतलं!

हा दात काम करतो सुताराच्या रंध्यासारखं. प्रत्येक दातापुढे एक छोटा उंचवटा असतो आणि कपची किती जाड निघावी हे तो ठरवतो. त्यामुळे धार पाहायला दाताला बोट लावायचं कारणच नाही. कपच्या उडाल्या तर धार शाबूत आहे, पिठासारखा भुसा पडायला लागला की कानस काढायची. सागासारख्या लाकडावर ही वेळ लवकर येते, कारण सागात सिलिका असते आणि ती पोलादाची धार उतरवते. आपल्याकडचे सुतार पटाशीला पुन्हापुन्हा धार लावताना उगाच कुरकुरत नाहीत. अमेरिकेतले शिल्पकार सीडर आणि पाइन यांवर जीव टाकतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.

नाण्याएवढं टोक, जाळं सोडणारी पँट

साखळी धावते सेकंदाला सुमारे २० मीटर, म्हणजे ताशी सत्तरच्या पुढे. पात्याच्या टोकाचा वरचा चतकोर लाकडात अडकला, तर अख्खी करवत उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. साध्या करवतीने टोक वापरून कोरायला जाणं म्हणजे आत्महत्येचा अर्ज भरणं. म्हणून शिल्पकारांची पाती निराळी असतात. ती टोकाकडे निमुळती होत जातात आणि त्यांची मापं चक्क अमेरिकन नाण्यांवरून ओळखली जातात, ‘डाइम’ टोक आणि ‘क्वार्टर’ टोक. डाइम हे नाणं जेमतेम १८ मिलिमीटरचं. टोक जितकं लहान तितकी उसळी कमी, आणि डोळ्याची खोबणही नेटकी निघते.

त्याहून भारी असते यांची पँट. तिच्या आत लांबलांब चिवट धाग्यांचे थर असतात. साखळी मांडीला लागलीच, तर वरचं कापड फाटतं, आतले धागे भसाभस ओढले जातात आणि साखळी फिरवणाऱ्या चाकात गुंतून क्षणात यंत्र ठप्प करतात. कापडाने पोलाद अडवायचं नाही, त्याचा गळा आवळायचा! एकदा धागे निघाले की ती पँट बाद.

तडा नेमका नाकावर

ओंडका ओला असतानाच कोरायला सोपा जातो. पण नंतर तो वाळतो आणि वाळताना सगळीकडून सारखा आकसत नाही. खोडातल्या वर्षवलयांच्या कडेकडेने तो जेवढा आकसतो, त्याच्या साधारण निम्माच गाभ्याच्या दिशेने आकसतो. उंचीला तर जवळपास नाहीच. या ओढाताणीत बाहेरून गाभ्याकडे तडा जातो. तो कुठे जाणार हे लाकूड ठरवतं, आणि लाकडाला विनोदबुद्धी असावी, कारण पुष्कळदा तो पुतळ्याच्या नाकावरूनच उतरतो. यावर तोड म्हणजे पाठीमागे गाभ्यापर्यंत आपणच आधी एक उभी चीर द्यायची. ताण तिथे मोकळा होतो आणि चेहरा वाचतो. जपानी सुतार घराच्या खांबांना भिंतीकडच्या अंगाला पूर्वापार अशीच चीर देत आले आहेत. तिला ते ‘सेवारी’ म्हणतात.

अस्वलांचा सुकाळ

करवतीने कोरायला पहिल्यांदा कुणी घेतलं? रे मर्फी या अमेरिकनाचं नाव सांगतात. १९५३मध्ये पोरवयात त्याने वडिलांच्या करवतीने लाकडावर भावाचं नाव कोरलं होतं म्हणे. १९६१मध्ये केन कायझरने कॅलिफोर्नियातल्या ‘ट्रीज ऑफ मिस्टरी’ या पर्यटनस्थळासाठी ५० शिल्पं केली आणि हौसेचा धंदा होऊ शकतो हे दिसलं.

तेव्हापासून अमेरिकेच्या हमरस्त्यांकडेला अस्वलांची जी पैदास सुरू झाली ती थांबलेली नाही. उभं अस्वल, बसलेलं अस्वल, मासा धरलेलं अस्वल, ‘वेलकम’ची पाटी धरलेलं अस्वल. स्पष्टच सांगायचं तर दहा पाहिली की अकरावं नकोसं होतं. पण ओंडक्याचा आकारच असा की गुबगुबीत अंग, आखूड हात आणि मान जवळजवळ नाही, असा प्राणी त्यात आयता बसतो. जिराफ कोरायचा तर निम्मं लाकूड भुशात जाईल.

स्पर्धांमध्ये मात्र अस्वलांच्या पलीकडचं पाहायला मिळतं. ओरेगनमधलं रीड्सपोर्ट, कॅनडातलं चेटविंड, स्कॉटलंडमधलं कारब्रिज, जपानमधलं तोएई ही या मंडळींची पंढरपुरं. घड्याळ लावून झटपट कोरायचं आणि भुसा झटकायच्या आत लिलाव करायचा, हा तिथला लोकप्रिय खेळ.

आवाजाचे शौकीनही आहेतच. जॅकिल नावाच्या अमेरिकन रॉक बँडने १९९२च्या आपल्या गाण्यात चक्क चेनसॉचा सोलो वाजवला. मिशिगनमध्ये ‘बिग गस’ नावाची चेनसॉ आहे, लांबी जवळपास ७ मीटर आणि इंजिन व्ही-८. तिने काय कोरायचं हे विचारू नका.

मेलेल्या झाडांचं काय करायचं?

सप्टेंबर २००८मध्ये आइक चक्रीवादळाने टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बेटावर समुद्राचं पाणी घातलं. मिठाने मुळं गेली आणि सुमारे ४० हजार झाडं वाळली. त्यातल्या काही ओकच्या खोडांतून लोकांनी अंगणातच शिल्पं कोरून घेतली. किंग विडोर हा दिग्दर्शक इथलाच. ‘द विझार्ड ऑफ ऑझ’चे कॅन्ससमधले प्रसंग त्याने चित्रित केले होते, म्हणून त्याच्या घरासमोर त्या सिनेमातला टिनमॅन उभा आहे. टिनमॅन म्हणजे पत्र्याचा लाकूडतोड्या. तो इथे लाकडाचा झाला!

ब्रिटिश कोलंबियातल्या होप गावात नव्वदच्या दशकापासून मरायला टेकलेल्या झाडांची अशीच शिल्पं होत गेली. याच गावात सिल्व्हेस्टर स्टॅलनच्या पहिल्या ‘रॅम्बो’चं चित्रीकरण झालं होतं. सिनेमात रॅम्बो हे गाव उद्ध्वस्त करतो. २०२०मध्ये गावकऱ्यांनी त्याचा लाकडी पुतळा उभारला.

कलादालनांतही या करवतीला मान आहे. गेओर्ग बाझेलित्सने कुऱ्हाड आणि चेनसॉने ओबडधोबड माणसं काढली. वेल्समध्ये राहणारे डेव्हिड नॅश तर करवत आणि आग दोन्ही वापरतात. १९७८मध्ये त्यांनी ओकचा एक मोठा गोळा कापला आणि ओढ्यातून घरंगळवत न्यायला गेले. तो मध्येच अडकला. नॅश यांनी ठरवलं, राहू दे. पुढची कित्येक वर्षं तो गोळा पुरागणिक थोडाथोडा सरकत राहिला, नदीला लागला, २००३मध्ये गायब झाला आणि दहा वर्षांनी पुन्हा दिसला.

सगळ्यात जास्त गाजलेलं करवतीचं शिल्प मात्र स्लोव्हेनियात होतं. मेलानिया ट्रम्प यांच्या माहेरगावाजवळ, सेव्हनित्साच्या बाहेर, २०१९मध्ये लिंडनच्या बुंध्यातून त्यांचा पुतळा निघाला. ब्रॅड डाउनी या अमेरिकन कलावंताने तो स्थानिक चेनसॉ-कारागीर आलेश ‘मॅक्सी’ झुपेव्ह्त्स याच्याकडून करून घेतला. मॅक्सीचा जन्म मेलानियांच्याच वर्षी, त्याच महिन्यात आणि त्याच इस्पितळात झालेला. अंगात निळा कोट, एक हात वर, चेहरा मात्र कुणाचाही. कुणी त्याला बुजगावणं म्हणालं, कुणी कार्टूनमधली स्मर्फेट. ४ जुलै २०२०ला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, कुणीतरी तो पेटवून दिला. डाउनीने मग जळणार नाही असा, कांस्याचा पुतळा त्याच जागी उभा केला. मे २०२५मध्ये तो चोरांनी घोट्यांपासून कापून नेला. करवत कोणती वापरली ते पोलिसांनी सांगितलेलं नाही.