नाशिकची भोंसला आणि मुसोलिनीचे काळे डगलेवाले

पहिल्या गोलमेज परिषदेहून परतताना हिंदू महासभेचे नेते डॉ. बा. शि. मुंजे यांनी मार्च 1931 मध्ये रोमला मुसोलिनीची भेट घेतली, आठ वर्षांपासूनच्या मुलांची बालिल्ला ही फॅसिस्ट पथके पाहिली आणि डायरीत त्यांचे कौतुक लिहिले. 1937 मध्ये त्यांनी नाशिकला भोंसला मिलिटरी स्कूल काढले. यावरून ही शाळा म्हणजे फॅसिस्ट दलाचीच नक्कल, असे काही जण म्हणतात. प्रेरणा नाकारता येत नाही. डायरीच साक्षीला आहे. पण कवायत म्हणजे दल नव्हे. 1923 साली उभ्या राहिलेल्या काळ्या डगल्यांच्या मिलिशियाची निष्ठा सुरुवातीला राजाशी नव्हती, खुद्द मुसोलिनीशी होती. तिला सत्तेचे पाठबळ होते, पुढे ती इथिओपियाच्या युद्धातही लढली. नाशिकच्या शाळेमागे कोणतीही हुकूमशाही नव्हती. वर इंग्रज सरकार होते. शिवाय मुंजे भारतीय सैन्य महाविद्यालयासाठी नेमलेल्या चेटवुड समितीचे सदस्य होते, म्हणजे हिंदी अधिकारी घडवण्याचा ध्यास एकट्या रोममधून आलेला नव्हता. पण कौतुक करताना त्यांना हुकूमशाहीची किंमत दिसली नाही, हा दोष उरतोच. शाळा आजही नाशकात चालू आहे. ती मिलिशिया मात्र 1943 मध्ये मुसोलिनीच्या पतनानंतर बरखास्त झाली.