एका ‘यांग’ची सात नावे
परभाषेच्या वाटेवर : लेखांक 8

चिनी मुले आपली लिपी कशी गिरवतात ते गेल्या आठवड्यात पाहिले. तीच मुले तिसरीत गेली की त्यांच्या दप्तरात इंग्रजीचे पुस्तक येते. हे धोरण 2001 सालचे. आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते 2000 साली, म्हणजे दोन्हीकडची ती पिढी साधारण एकाच सुमारास एबीसीडीला लागली. चीनमध्ये मात्र या पुस्तकाच्या दुसऱ्या टोकाला पहिल्या दिवसापासून एक परीक्षा उभी असते. बारावीनंतरची गाओकाओ, दरवर्षी 7 जूनला सुरू होणारी. 2024 मध्ये तिच्यासाठी 1 कोटी 34 लाख विद्यार्थ्यांनी नावे नोंदवली. तिच्या 750 गुणांपैकी 150 इंग्रजीचे, म्हणजे मातृभाषेइतके आणि गणिताइतकेच. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात बंद पडलेली ही प्रवेशपरीक्षा 1977 मध्ये पुन्हा सुरू झाली तेव्हा इंग्रजीला हा मान नव्हता. इंग्रजीचे गुण हळूहळू धरले जाऊ लागले आणि 1983 पासून पूर्ण धरले गेले.

या परीक्षेसाठी मुले शब्द, व्याकरण आणि उतारे यांचा जो सराव करतात, तो मेहनतीच्या बाबतीत थक्क करणारा आहे. पण या तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या वह्यांत कोंडल्या की मेहनतीच्या मानाने हाती फार थोडे लागते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यावर चीनमधल्याच एका प्राध्यापकांनी काढलेली तोड शेवटी सांगतो. आधी शब्दांकडे वळू.

गाओकाओला बसणाऱ्या मुलाला सुमारे 3500 इंग्रजी शब्द यावे लागतात. हे शब्द याद्यांतून पाठ होतात. सकाळी पहिल्या तासाआधी वर्गावर्गांत मोठ्याने वाचनाची वेळ असते, तेव्हा शब्द, स्पेलिंग आणि चिनी अर्थ असा घोष चालतो. याद्या इंग्रजी वर्णक्रमाने छापलेल्या असल्या तर पहिल्याच पानावर ‘अबॅन्डन’ हा शब्द भेटतो. त्याचा अर्थ सोडून देणे. हा शब्द माहीत नाही असा चिनी विद्यार्थी सापडणे कठीण, कारण पाठांतराचा प्रत्येक नवा संकल्प तिथूनच सुरू होतो आणि ‘बी’च्या पानांपर्यंत पोचण्याआधी मोडतो. शेवटी प्रकाशकांनी त्याच याद्या वर्णक्रम मोडून छापायला सुरुवात केली, म्हणजे निदान मधल्या अक्षरांचे शब्दही डोळ्यांखालून जावेत.

पण इंग्रजी शब्द चिनी मुलांना इतके जड का जातात? संख्येपेक्षा मोठे कारण त्यांच्या स्वतःच्या भाषेच्या घडणीत आहे. चिनीत ‘यांग’ म्हणजे शेळ्यामेंढ्यांच्या जातीचा प्राणी. शेळी म्हणजे शानयांग, डोंगरातला यांग. मेंढी म्हणजे मियेनयांग, मऊ लोकरीचा यांग. नर तो गोंगयांग, मादी ती मूयांग, कोकरू म्हणजे श्याओयांग, लहान यांग. मटण म्हणजे यांगरोउ, यांगचे मांस, आणि लोकर म्हणजे यांगमाओ, यांगचे केस. एक शब्द आला की सातही आले. इंग्रजीत याच सात गोष्टींना गोट, शीप, रॅम, यू, लॅम, मटन आणि वूल अशी सात नावे आहेत आणि एकाचे दुसऱ्याशी नाते दिसत नाही. आपण मराठी माणसे यात इंग्रजांच्याच बाजूला. शेळी, बोकड, मेंढी, कोकरू, मटण, लोकर हे आपल्याला लहानपणापासून सुटेसुटेच माहीत असल्यामुळे त्यात काही अडचण आहे हेही सुचत नाही. जोडाक्षरासारखे अर्थ जोडत जाणाऱ्या भाषेतून आलेल्या मुलाला मात्र इंग्रजी शब्दसंग्रह म्हणजे नुसता ढीग वाटतो. म्हणूनच तिथले शिक्षक धातू आणि उपसर्ग-प्रत्ययांवर एवढा भर देतात. ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणे हे कळले की इन्स्पेक्ट, रिस्पेक्ट, प्रॉस्पेक्ट यांना निदान एका खुंटीला टांगता येते. ही रीत चांगली आहे. ती लॅटिनमधून आलेल्या शब्दांना लागू पडते. शीप आणि यू यांना नाही.

उच्चार लक्षात ठेवण्यासाठी लहान मुले शब्दाखाली चिनी अक्षरे लिहितात. ‘थँक यू’साठी लिहायची तीन अक्षरे सान, क, योउ अशी वाचली जातात आणि त्यांचा अर्थ होतो तीन ग्रॅम तेल. आपल्याकडे इंग्रजी ओळीखाली पेन्सिलीने देवनागरी लिहितात, तसलाच हा प्रकार, आणि तो जुना आहे. एकोणिसाव्या शतकात ग्वांगचौच्या बंदरात परदेशी व्यापाऱ्यांशी सौदा करणाऱ्यांसाठी चिनी अक्षरांत इंग्रजी उच्चार दिलेल्या लहान पुस्तिका विकल्या जात.

शब्दांच्या उजळणीचे एक वेळापत्रक चीनमध्ये फार लोकप्रिय आहे: पहिला, दुसरा, चौथा, सातवा, पंधरावा दिवस. शब्दांच्या पुस्तकांत त्याचे तक्ते छापलेले असतात आणि मोबाइलवरची शब्दांची ॲपही साधारण याच धर्तीवर चालतात. त्यामागे नाव घेतले जाते हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाचे. त्याने 1885 मध्ये विस्मरणाचा आलेख मांडला. उजळणी अंतराअंतराने करावी, हे त्यातले सार खरेच आहे. मात्र त्याने हे प्रयोग स्वतःवर केले ते अर्थ नसलेल्या अक्षरगटांवर. त्यानेच बायरनच्या ‘डॉन जुआन’मधली कडवीही पाठ करून पाहिली, आणि अर्थ असलेल्या मजकुराला साधारण एक दशांश श्रम पुरतात असे त्याला आढळले. तक्ते छापताना त्याच्या शोधाचा हा अर्धा भाग सहसा मागे राहतो. मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. यादीतला सुटा शब्द मुलासाठी जवळजवळ अर्थहीन अक्षरगटच असतो. वाक्यात भेटलेल्या शब्दाचे तसे नसते.

आता व्याकरण. चिनी क्रियापदाला काळ, वचन, पुरुष यांचे प्रत्यय लागत नाहीत. काल, आज, उद्या असा शब्द वाक्यात असला की क्रियापद जसेच्या तसे ठेवायचे. क्रिया पुरी झाली हे दाखवायला ‘ल’ हा छोटा शब्द मागे येतो, पण तो भूतकाळाचा प्रत्यय नव्हे. ‘उद्या शाळा सुटल्यावर जाऊ’ या वाक्यातही तो येऊ शकतो. नामाला अनेकवचनी रूप नाही, आणि ‘अ’, ‘द’ यांच्यासारखे काही नाही. परीक्षेतला व्याकरणाचा प्रश्न नेमका या जागांवर बोट ठेवतो. एक उतारा असतो, त्यात दहा रिकाम्या जागा, प्रत्येकीला दीड गुण. बहुतेक जागांपुढे मूळ शब्द दिलेला असतो आणि त्याचे योग्य रूप करायचे असते. काही जागा पूर्ण कोऱ्या असतात. समजा, चहाच्या मळ्यावरचा उतारा आहे. ‘लीफ’ दिला असेल तर टोपलीत एक पान मावते की अनेक, हे ठरवून ‘लीव्ह्ज’ लिहायचे. ‘ग्रो’ दिला असेल तर चहा स्वतः पीक घेत नाही, त्याचे पीक घेतले जाते, हे ओळखून ‘ग्रोन’ करायचे. कोऱ्या जागी ‘द’ घालायचे, कारण तो मळा मागच्या वाक्यात येऊन गेला आहे. तिन्ही ठिकाणी नियम पाठ असून भागत नाही, मजकूर कळावा लागतो. या प्रश्नातले विषय अलीकडे बरेचदा चिनी संस्कृतीतले असतात. 2023 च्या एका राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत श्याओलोंगबाओवर, म्हणजे आत गरम रस्सा असलेल्या शांघायकडच्या वाफवलेल्या पदार्थावर उतारा होता.

एक चूक तर आपल्याही वर्गांत ओळखीची आहे. चिनीत ‘जरी’ म्हटले की पुढे सहसा ‘पण’ येते, आणि ‘कारण’ म्हटले की ‘म्हणून’. त्यामुळे मुले ‘ऑल्दो’ने सुरू केलेल्या वाक्यात मध्येच ‘बट’ घालतात आणि ‘बिकॉज’च्या मागोमाग ‘सो’. आपल्या जरी-तरीनेही हेच होते. इंग्रजीला दोन्ही टोके बांधलेली चालत नाहीत, हे दोघांनाही सवयीने शिकावे लागते.

उताऱ्यांच्या बाबतीत मराठी वाचकाला चिनी मुलाची अडचण चटकन कळेल. ‘काल आलेला पाहुणा’ असे आपण म्हणतो. चिनीतही क्रम हाच: काल, येणे, मग जोडणारा ‘द’ हा शब्द, आणि शेवटी पाहुणा. इंग्रजीत पाहुणा आधी आणि त्याची हकिकत मागून. वाक्य लहान असले तर निभते. पण ‘द मॅन हू सोल्ड द बोट दॅट माय अंकल हॅड बिल्ट लेफ्ट टाउन’ असे वाक्य आले की पंचाईत होते. गाव सोडून कोण गेले? शेवटच्या क्रियापदाच्या अगदी शेजारी काका आणि होडी आहेत, माणूस कुठल्या कुठे मागे राहिला आहे. मराठीत आपण म्हणू, ‘माझ्या काकांनी बांधलेली होडी विकणारा माणूस गाव सोडून गेला.’ चिनीतही माणूस असाच सगळे वर्णन संपल्यावर येतो आणि लगेच त्याचे क्रियापद येते. म्हणून चिनी शिक्षक फळ्यावर कंस घालायला शिकवतात. ‘हू’पासून ‘बिल्ट’पर्यंत एक मोठा कंस, त्याच्या पोटात ‘दॅट’चा लहान कंस, ते झाकले की उरते ‘द मॅन लेफ्ट टाउन’. लांब आणि अवघड वाक्ये या नावाने याच्या स्वतंत्र वह्याच असतात. मला हा सराव मनापासून आवडतो. दोन भाषांच्या रचनेत जिथे खरा फरक आहे तिथेच तो हात घालतो.

उताऱ्यांखालच्या पर्यायी प्रश्नांबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. चार उतारे, पंधरा प्रश्न, साडेसदतीस गुण. शिवाय एका उताऱ्यातल्या पाच गाळलेल्या जागी सातांतली पाच वाक्ये बसवायची, त्याचे साडेबारा. प्रश्न वाईट नसतात. पण क्लासमध्ये शिकवले जाते ते असे: आधी प्रश्न वाचा, त्यातला ठळक शब्द उताऱ्यात शोधा, त्याच्या आजूबाजूच्या दोन ओळी वाचा, उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे उचललेल्या पर्यायापासून सावध राहा. दिवसाला असे अनेक उतारे उरकले जातात. यातून शोधाशोध जमते. पण उतारा संपल्यावर त्यातला माणूस कोण होता, त्याला काय हवे होते, हे मुलाला सांगता येत नाही, आणि त्या उताऱ्यातला एकही शब्दप्रयोग त्याच्या निबंधात पुढे कधी दिसत नाही.

प्रश्नपत्रिकेतल्या पत्रलेखनाचेही तसेच. 15 गुणांचे पत्र स्वतःच्या नावाने लिहायचे नसते. लिहिणारा असतो ली हुआ. 1990 च्या दशकापासून हा काल्पनिक विद्यार्थी परदेशी मित्रांना आमंत्रणे देतो, सल्ले देतो, आभार मानतो. साचा ठरलेला, त्यामुळे उत्तरही ठरलेले. हेबेई प्रांतातल्या हंगश्वे इथल्या प्रसिद्ध शाळेच्या मुलांचे इंग्रजी अक्षर तर छापील टाइपासारखे गोल आणि उभे असते आणि ते गिरवण्याच्या वह्या देशभर विकल्या जातात. स्कॅन केलेली उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासणाऱ्याला ते वाचायला सोपे जाते.

आता ती तोड. ग्वांगडाँगच्या परदेशी भाषांच्या विद्यापीठातले प्राध्यापक वांग चूमिंग यांचे म्हणणे असे, की परकी भाषा वाचून जितकी कळते तितकी लिहिता किंवा बोलता येत नाही, आणि ही तफावत हेच शिकण्याचे इंधन आहे. ज्याच्या आजूबाजूला इंग्रजी बोलणारे कोणी नाही, त्याने मजकुरालाच सोबती करावे. अर्धवट राहिलेली गोष्ट वाचावी आणि ती पुरी करावी. लिहिताना तो आपोआप मूळ लेखकाच्या पातळीकडे ओढला जातो. ऑक्टोबर 2016 मध्ये झेजियांग प्रांताने असा प्रश्न परीक्षेत आणला आणि पुढे तो राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत आला. साधारण 350 शब्दांची अपुरी गोष्ट, पुढच्या दोन परिच्छेदांची फक्त पहिली वाक्ये दिलेली, आणि सुमारे 150 शब्दांत शेवट. त्याला 25 गुण.

समजा, एक मुलगा आजोबांबरोबर डोंगरात अळिंबी गोळा करायला गेला आहे. धुके उतरते, आजोबांचा पाय मुरगळतो आणि गोष्ट थांबते. पहिल्या परिच्छेदाची सुरुवात दिली आहे: मुलाने आपला लाल गळपट्टा सोडून फांदीला बांधला. दुसऱ्याची: दुरून शिट्टी ऐकू आली. आता परीक्षा देणाऱ्या मुलीला मागे जाऊन गोष्ट पुन्हा वाचावीच लागते. शिट्टी आधी कुठे आली होती का? वाटेत भेटलेल्या गुराख्याच्या गळ्यात होती. गळपट्टा कोणी दिला होता? गोष्ट भूतकाळात आहे, म्हणून प्रत्येक क्रियापद भूतकाळात न्यायचे. आणि धुके आले हे सांगायला लेखकाने ‘द मिस्ट रोल्ड इन’ असे लिहिले आहे. यादीत ‘रोल’समोर गुंडाळणे, लोळणे एवढेच होते. धुकेही ‘रोल’ होत येते हे तिला इथे दिसते, आणि तिच्या दुसऱ्या परिच्छेदात ढग दरीतून ‘रोल्ड इन’ होत येतात. शब्द, काळ आणि आकलन यांची तीन कामे एकाच बैठकीत झाली.

क्लासवाल्यांनी यावरही तयार वाक्ये काढली आहेतच: डोळ्यांत पाणी तरळले, काळीज धडधडू लागले, सूर्यकिरण खांद्यावर पडले. मुले ती पाठ करून कुठल्याही गोष्टीत घालतात. गोष्टीशी न जुळणारी सजावट मुळाशी गाठ बांधत नाही आणि जाणत्या परीक्षकाला ती लगेच दिसते. आपल्या दहावीच्या इंग्रजीतही दिलेल्या सुरुवातीवरून गोष्ट लिहायचा प्रश्न असतो, पण तिथे हाती एखादे वाक्यच येते. उसने घ्यायला मजकूर नसतो. एखाद्या शिक्षकाने वर्गात याच वर्षी हे करून पाहावे. पाठ्यपुस्तकातली न शिकवलेली गोष्ट घ्यावी, मधोमध थांबवावी, उरलेली पाने झाकून ठेवावी, मुलांचे दोन परिच्छेद लिहून होऊ द्यावेत आणि मगच मूळ शेवट वाचून दाखवावा.

पुढील लेखांक : शांघायच्या पीपल्स पार्कमधला इंग्लिश कॉर्नर आणि ‘मुक्या इंग्रजी’चा प्रश्न