शीड, बासरी आणि भाताचा तूस

लातूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तरी या भागाचे गलबतांशी नाते फार जुने आहे. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. इ.स. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथानुसार ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर होते. तिथले जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदराला जाई. त्यामुळे अजिंठ्याच्या डोंगरातल्या लेण्यांत समुद्राची चित्रे सापडतात याचे आश्चर्य वाटायला नको.

पाचव्या शतकातल्या या चित्रांपैकी दुसऱ्या लेण्यातले गलबत मन लावून पाहावे. तीन डोलकाठ्या, त्यांवर उंच आयताकृती शिडे, मागे सुकाणूची वल्ही आणि गलबतावर मांडलेले रांजण. पहिल्या लेण्यात महाजनक जातकाची, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माची, कथा आहे. सुवर्णभूमीला निघालेल्या राजपुत्राचे जहाज फुटते, तो तरून जातो, राजा होतो आणि शेवटी संसार सोडतो. त्याच भिंतीवर राजापुढे नर्तकी नाचते आहे. तिच्याभोवती बासरी, ढोल आणि झांजा वाजवणाऱ्या स्त्रिया आहेत. जहाज आणि संगीत एकाच आयुष्याच्या कथेत आले आहेत, आणि चित्रकाराने नर्तकीच्या देहाला दिलेला बाक पाहताना ठेका जवळजवळ ऐकू येतो.

ही चित्रे ज्या रीतीने काढली, तिला आजच्या भाषेत मिश्र माध्यम म्हणता येईल. बेसॉल्टच्या खडबडीत भिंतीवर आधी मातीचा जाड गिलावा चढे. त्यात भाताचा तूस, गवत आणि वनस्पतींचे तंतू कालवलेले असत. नुसती माती वाळताना आकसते, तडकते. तंतू तिला धरून ठेवतात आणि गिलावा हलकाही होतो. पण हेच सेंद्रिय घटक किड्यांचे खाद्य झाले आणि चित्रांची हानी झाली. जाड थरावर मऊ मातीचा थर, त्यावर चुन्याचा पातळ लेप, मग तांबड्या रंगात रेखाटन. रंग डिंक किंवा सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवून वाळलेल्या पृष्ठभागावर लावत. ओल्या चुन्यावर रंगवण्याच्या युरोपीय फ्रेस्कोपेक्षा ही रीत निराळी आहे. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी हे साधे रंग. निळ्यासाठी मात्र लाजवर्द वापरला. त्याच्या प्राचीन खाणी आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानमध्ये आहेत.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्यात जहाज आणि संगीत हेच दोन विषय दगडात उतरले आहेत. दाराच्या डाव्या हाताला बोधिसत्त्व अवलोकितेश्वर आठ संकटांतून भक्तांना सोडवतो. त्यांत बुडती नौका आहे. आत गर्भगृहाच्या भिंतीवर एक नर्तकी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना मिळून सहा वादक स्त्रिया.