हिरवे रान कामावर आहे का?

ऊन तापले आणि मुळांना पाणी मिळेनासे झाले की झाड पानांवरची रंध्रे मिटून घेते. अन्न तयार करण्याचे काम मंदावते, पण पान लगेच पिवळे पडत नाही. पुढचे काही दिवस ते तसेच हिरवेगार दिसते. उपग्रहालाही!

1972 साली पहिला लँडसॅट उपग्रह गेला, तेव्हापासून आकाशातून मोजली जात आहे ती मुख्यतः ही हिरवाई. हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते आणि निरोगी पान अवरक्त प्रकाश परतवते. या दोहोंच्या फरकावरून झाडोरा किती दाट आहे ते कळते. मात्र तो झाडोरा त्या घडीला कार्बन शोषतो आहे की नुसताच तग धरून उभा आहे, हे त्यातून नीट उलगडत नाही.

त्याचा सुगावा लागला तो जपानच्या ‘इबुकी’ उपग्रहामुळे, आणि तोही अनपेक्षितपणे. 2009 मध्ये तो सोडला होता हवेतले हरितगृह वायू मोजायला. पान सूर्यप्रकाश शोषते, तेव्हा त्यातला एक-दोन टक्के प्रकाश हरितद्रव्य पुन्हा बाहेर टाकते. ही मंद तांबडी झळाळी डोळ्यांना दिसत नाही. परावर्तित उन्हात ती पार हरवून जाते. पण सूर्याच्या वर्णपटात काही बारीक काळ्या रेषा असतात, तिथे मुळात ऊनच कमी पोहोचते. नेमक्या त्या रेषांत ही झळाळी डोकावते. 2011 मध्ये शास्त्रज्ञांनी इबुकीच्या नोंदींतून तिचे जगाचे नकाशे काढले. प्रकाशसंश्लेषण मंदावले की तीही बहुधा ओसरते, म्हणून तिचे मोल मोठे.

पुढे 2014 मध्ये एका अभ्यासाने सगळ्यांनाच चकित केले. जुलै महिन्यात सर्वाधिक झळाळी ॲमेझॉनच्या जंगलात नव्हे, तर अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात आढळली. ॲमेझॉनपेक्षा तब्बल 40 टक्के जास्त. अर्थात मक्याचा हा जोर एका हंगामापुरता असतो. जंगल वर्षभर राबते.

भारतासाठी हा फरक जिव्हाळ्याचा आहे. 2000 ते 2017 या काळात जगातले पानांचे क्षेत्र 5 टक्क्यांनी वाढले आणि त्यात चीन व भारत आघाडीवर होते, असे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. भारताच्या वाट्यातली 82 टक्के वाढ मात्र शेतीतली. सिंचनाच्या, बऱ्याच ठिकाणी उपशाच्या पाण्यावर पोसलेली ही हिरवाई म्हणजे जंगल परतले असे मानणे घातक ठरेल.

सह्याद्रीची अडचण आणखी वेगळी. ऐन पावसाळ्यात तो ढगांनी झाकलेला असतो आणि प्रकाशावर चालणारे कॅमेरे आंधळे होतात. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावलेला ‘निसार’ इथे उपयोगी पडेल. इस्रो आणि नासाच्या या उपग्रहाचे रडार ढगांतून पार होते. त्यातल्या लांब लहरी पानांच्या आत शिरून फांद्या-खोडांपर्यंत पोहोचतात, त्यामुळे लाकूडफाटा किती साठला आणि कुठे तोड झाली, याचा अंदाज दर 12 दिवसांनी येऊ शकतो. प्रकाशसंश्लेषण त्याला मोजता येत नाही. त्यासाठी झळाळी टिपणारे उपग्रह हवेतच. शिवाय या सगळ्या आकड्यांचा ताळा घ्यायला कुणीतरी टेप घेऊन रानात जाऊन झाडांचा घेर मोजावाच लागतो.